बिलं, बोल्ट आणि बोली: मॉडिफाय केलेली एस२००० ऑनलाइन लिलावात विकताना

हौसेला मोल नसतं म्हणतात. मॉडिफाय केलेली गाडी विकायला काढली की हे डॉलरमध्ये कळतं. समजा ३००० डॉलरचे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), १५०० चा एक्झॉस्ट, २५०० ची हलकी चाकं, एवढं सगळं चढवलंय. तरी बोली थांबते ती त्याच वर्षाच्या, कुणी हात न लावलेल्या गाडीच्या बरीच खाली. तरीही काही मॉडिफाय गाड्या दणक्यात जातात. त्यांच्यावरचे पार्ट तेच असतात. मालकाने काय केलं, कुणाकडून केलं आणि काढलेला भाग कुठे आहे, याचा हिशेब तेवढा चोख असतो. पुढचं सगळं त्या हिशेबाबद्दल आहे.

लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच लिलावाच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला होंडाची एस२००० ही दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली. पहिली बरी नोकरी लागल्यावर हौसेने घेतलेली, मग घरात बाळ आल्यावर दोन सीटच्या गाडीत कार सीट कुठे लावायची या प्रश्नापायी कव्हरखाली गेलेली एस२००० माझ्या ओळखीतल्या काही मराठी घरांतही आहे. सुप्रा, आरएक्स-७ किंवा मियाटा अशी दुसरी जपानी स्पोर्ट्स कार असेल तरी पायऱ्या याच.

आधी आपली गाडी नेमकी कोणती, ते लिहून काढा

एस२००० होंडाने १९९९ मध्ये कंपनीच्या पन्नाशीनिमित्त आणली. अमेरिकेत ती २००० ते २००९ या मॉडेल वर्षांत विकली गेली. २००३ पर्यंतच्या पिढीचं नाव एपी१: २.० लिटरचं एफ२०सी इंजिन, २४० हॉर्सपॉवर आणि ९००० आरपीएमची रेडलाइन. २००४ पासूनची एपी२: अमेरिकेसाठी २.२ लिटर, टॉर्क थोडा जास्त, रेडलाइन ८००० वर, चाकं १६ ऐवजी १७ इंची आणि मागचं सस्पेन्शन जरा माणसाळवलेलं. २००२ मध्ये सॉफ्ट टॉपच्या मागच्या खिडकीत प्लॅस्टिक जाऊन काच आली. २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल आलं. खरेदीदार या एकेका वर्षासाठी हट्ट धरून बसलेले असतात, म्हणून 'एस२०००, छान स्थितीत' एवढ्यावर भागत नाही. व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, सुरुवात जेएचएमएपी१ आहे की जेएचएमएपी२, इथपासून नोंद करा.

२००८-०९ ची सीआर (ट्रॅकसाठी हलकी केलेली आवृत्ती) ही वेगळीच जात. अमेरिकेत जेमतेम ७०० च्या आसपास विकल्या गेल्या. तुमच्याकडे ती असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सगळं काढा, गाडी स्टॉकवर, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, आणा आणि मगच लिलावाचा विचार करा. बाकी एस२००० मध्ये निवड करायला वाव आहे.

मॉडिफिकेशनचे तीन ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण भाव इथेच ठरतो. कागद घ्या आणि गाडीवर झालेल्या प्रत्येक बदलाची तीन ढिगांत वाटणी करा.

पहिल्या ढिगात येईल ते पाना घेऊन एका दिवसात उलटं करता येईल असं: एक्झॉस्ट, एअर इनटेक, चाकं, कॉइलओव्हर, गिअर नॉब, सीट. खरेदीदार याचे वेगळे पैसे क्वचितच देतो, पण मूळ भाग सोबत मिळत असतील तर भाव कापतही नाही. चांगल्या नावाचे अस्सल पार्ट, म्हणजे मुगेन, स्पून, व्होल्क, असतील तर बोलीत थोडं वजन पडतं. नकली असतील तर नकली म्हणून लिहा. चाकाच्या आतल्या बाजूचं लेबल बघून ओळखणारे लोक तिथे शेकड्याने बसलेले असतात.

दुसऱ्या ढिगात या गाडीच्या माहीत असलेल्या दुखण्यांवरचे उपाय. एपी१ मध्ये चुकीच्या गिअरवर उतरून इंजिन जास्त फिरलं की व्हॉल्व्ह रिटेनरला तडा जाऊ शकतो, म्हणून बरेच मालक एपी२ चे रिटेनर बसवून घेतात. टायमिंग चेन टेन्शनर थकला की थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड येते. सुरुवातीच्या गाड्यांमधले ऑइल जेटचे बोल्ट नंतर सुधारून आले. सॉफ्ट टॉप तर घड्यांपाशी फाटतोच. यातलं जे केलं असेल ते सगळ्यात ठळकपणे मांडा. दिसायला काहीच न दिसणाऱ्या या कामांसाठी लोक खरे पैसे मोजतात, आणि चमकदार मागच्या पंखासाठी नाक मुरडतात.

तिसऱ्या ढिगात परतीचा रस्ता नसलेलं काम: रोल केलेले (आतली कड वाकवलेले) किंवा कापलेले फेंडर, रोल बारसाठी पाडलेली भोकं, मूळ इंजिन काढून बसवलेलं होंडाचं के-सिरीज इंजिन, कापून जोडलेल्या वायरी. या गाड्यांचा खरेदीदार मोजका असतो, पण असतो. त्याच्यासाठी वर्णन लांब लिहावं लागतं. वायरिंग कुणी केलं, कोणत्या दुकानात, त्यानंतर किती मैल चालली, हे सांगा. इथे किमतीची अपेक्षाही खाली आणावी लागते, ते आधीच मनाशी करून ठेवा.

सुपरचार्जर पहिल्या आणि तिसऱ्या ढिगाच्या मध्ये कुठेतरी. तो असेल तर ट्यून कुणी केलं, कोणत्या इंधनावर आणि डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद कुठे आहे, हे तीन प्रश्न हमखास येणार. लक्षात ठेवा, २४० हा इंजिनापाशी मोजलेला आकडा; चाकांवर मोजली तर स्टॉक गाडीसुद्धा २०० च्या आसपास दाखवते. डायनोचा आकडा लिहिताना तो चाकांवरचा आहे हे लिहायला विसरू नका.

जाता जाता, बॉनेटवर लाल एच, म्हणजे होंडाच्या टाइप आर या खास वेगवान आवृत्त्यांचा बॅज, लावला असेल तर तो काढा. एस२००० ची टाइप आर कधी निघालीच नाही, आणि त्या एका बॅजमुळे जाणकार बाकीच्या वर्णनाकडेही संशयाने बघायला लागतात.

माळ्यावरचं खाली काढा

मूळ एक्झॉस्ट, स्प्रिंग, चाकं, एअरबॅगसह मूळ स्टिअरिंग, टूलकिट, दोन्ही किल्ल्या, मॅन्युअल. जे असेल ते गॅरेजच्या जमिनीवर चादर अंथरून ओळीने मांडा आणि एकच मोठा फोटो काढा. हा फोटो कधीकधी धावत्या गाडीच्या फोटोपेक्षा जास्त काम करतो. लिलावाआधी हे भाग सुटे विकायचा मोह होतो, कारण एस२००० च्या मूळ भागांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. विकू नका. फॅक्टरी हार्डटॉप मात्र अपवाद: तो इतका महाग आणि स्वतंत्र माल आहे की सोबत द्यायचा की वेगळा विकायचा, याचा हिशेब मांडूनच ठरवा.

बिलं तारखेप्रमाणे लावून स्कॅन करा. प्रत्येक बिलावर मैल दिसले पाहिजेत. घरी केलेल्या कामाचं बिल नसतं, तिथे पार्टची पावती आणि काम चालू असतानाचे फोटो चालतात. 'काम मी स्वतः केलं' हे लिहायला लाजू नका. नीट केलेलं घरचं काम लोक मान्य करतात.

स्मॉग

कॅलिफोर्नियात असाल तर हे आधी उरका. तिथे खासगी विक्रीतही स्मॉगचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं, प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते आणि ते ९० दिवसांच्या आतलं लागतं. तपासणीत धूर मोजण्यासोबत इंजिन डोळ्यांनीही बघतात. इनटेक किंवा हेडरवर (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागावर) राज्याच्या हवा मंडळाचा ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर नसेल तर गाडी स्वच्छ जळत असली तरी नापास. अशा वेळी मूळ भाग चढवून पास करून घ्या आणि तशीच विका. काढलेले पार्ट डब्यात सोबत द्या.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) काढून नुसता पाइप लावला असेल तर मात्र राज्य कुठलंही असो, रस्त्यावरच्या गाडीसाठी ते केंद्राच्या कायद्यात बसत नाही. कन्व्हर्टर परत लावल्याशिवाय लिस्टिंग टाकू नका.

दोष तुम्ही शोधा, दुसऱ्याला सापडण्याआधी

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. ऑनलाइन लिलावात झाकलेल्या मुठीला कुणी बोली लावत नाही, कारण गाडी न बघता घेणारा माणूस दोन हजार मैलांवर बसलेला असतो आणि जे दिसत नाही ते वाईटच असणार असं धरून चालतो.

एस२००० मध्ये तो काय शोधतो ते सांगतो. कारखान्यातून निघताना होंडाने या गाडीच्या पत्र्यांवर व्हीआयएन नंबरचे छोटे स्टिकर लावले होते: बॉनेटच्या खाली, पुढच्या फेंडरच्या आतल्या कडेला, दारांच्या कडेला, डिकीच्या झाकणाला, बंपरना. एखादा स्टिकर नसेल तर तो पत्रा बदललाय किंवा रंगवलाय असा अंदाज बांधतात. टॉर्च घेऊन एकेक स्टिकर शोधा, प्रत्येकाचा जवळून फोटो काढा, आणि जिथे नाही तिथला रिकामा पत्राही दाखवा. त्यासोबत रंगाची जाडी मोजणारा मीटर फिरवा. हा मीटर स्वस्तात मिळतो. एस२००० चं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखणारा घ्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असतो. कुठे ३०० च्या वर दाखवला तर तिथे पुन्हा रंग बसलाय.

इंजिनासाठी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधला दाब किती टिकतो याची) चाचणी करून घ्या. होंडा जाणणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे करा, चारही सिलिंडरचे आकडे लेटरहेडवर लिहून घ्या. कारफॅक्सचा, म्हणजे गाडीच्या नोंदलेल्या इतिहासाचा, अहवालही आधीच काढा. तो कोरा असला म्हणजे अपघात झालाच नाही असं नव्हे. विम्याकडे न गेलेला अपघात त्यात येत नाही, हे खरेदीदारालाही माहीत असतं. मीटरचा क्लस्टर बदलला असेल तर खरे मैल माहीत नाहीत असं टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) आणि वर्णनात दोन्हीकडे आलं पाहिजे. यात लपवाछपवी केली तर प्रकरण थेट कायद्यात जातं.

कुठे लावायची, आणि रिझर्व्ह

ब्रिंग अ ट्रेलर ही लिलावाची साइट २००७ मध्ये सुरू झाली, तिथे लिलाव २०१४ पासून होतात, आणि २०२० मध्ये ती हर्स्ट या माध्यम कंपनीने घेतली. कार्स अँड बिड्स ही दुसरी साइट गाड्यांवर यूट्यूब व्हिडिओ करणाऱ्या डग डीमुरोने २०२० मध्ये काढली. तिथला भर १९८० च्या दशकापासून पुढच्या गाड्यांवर. एस२००० दोन्हीकडे बसते. पहिलीकडे गर्दी मोठी, जुन्या निकालांचा साठाही मोठा. दुसरीकडचा गिऱ्हाईक वयाने तरुण आणि मॉडिफाय गाडीला सहसा कमी नाकं मुरडणारा, असं माझं निरीक्षण. दोन्हीकडे मुख्य फी खरेदीदाराकडून जाते, विक्रीच्या साधारण ५ टक्क्यांच्या आसपास आणि ठरावीक मर्यादेपर्यंत. विकणाऱ्याचा खर्च किरकोळ. नेमके आकडे बदलत राहतात, अर्ज भरायच्या दिवशी वाचून घ्या.

अर्ज मंजूर होऊन गाडी लागेपर्यंत काही आठवडे जातात. उघड्या टपाची गाडी वसंतात विकावी हे खरं, म्हणून कागद हिवाळ्यातच तयार हवेत. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्यांनी फोटो बर्फाआधी काढून ठेवावेत. मिठाने पांढरे झालेले रस्ते मागे दिसले की लोक गंजाबद्दल विचारत सुटतात.

रिझर्व्ह, म्हणजे ज्याच्या खाली गाडी विकायची नाही तो आकडा, ठरवताना त्या साइटचे गेल्या वर्षभरातले निकाल उघडा. तुमच्या गाडीचीच पिढी (एपी१ की एपी२), जवळपास तेवढेच मैल, आणि मॉडिफाय केलेल्याच गाड्या बघा. स्टॉक गाडीच्या निकालावरून आकडा काढणं हा इथला सगळ्यात मोठा भ्रम. ज्या आकड्याला गाडी गेली तर रात्री झोप लागेल तो रिझर्व्ह. त्यात पार्टची बिलं मिळवू नका. गाडी जाऊ द्यायचीच असेल आणि कागद भक्कम असतील तर बिना रिझर्व्हची लावायला हरकत नाही. बोली लावणारे जास्त येतात. विचित्र रंगाच्या, जड मॉडिफिकेशनच्या गाडीला मात्र रिझर्व्ह ठेवाच.

फोटो, व्हिडिओ, वर्णन

गाडी धुवा, पण बॉनेटखाली इंजिनावर तेलकट चकाकी आणणारा स्प्रे मारू नका, गळती लपवताय असं वाटतं. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हात, रिकाम्या जागी, सगळ्या बाजूंनी. गाडी उचलून खालून. शंभराच्या पुढे फोटो झाले तरी चालतील. व्हिडिओ किमान दोन: पहिला रात्रभर थंड राहिलेली गाडी सुरू करतानाचा, आधी बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे हे दाखवून, दुसरा चालवतानाचा, प्रत्येक गिअर टाकताना, व्हीटेक (जास्त आरपीएमला इंजिनाचा जोर वाढवणारी होंडाची यंत्रणा) लागेपर्यंत. गाणी लावू नका. लोकांना इंजिन ऐकायचंय.

वर्णनात विशेषणं कमी आणि नोंदी जास्त. नमुना म्हणून एक ओळ:

'४८,००० मैलांवर मागचे दोन्ही फेंडर रोल केले; डाव्या आतल्या कडेचा रंग दोन ठिकाणी तडकलाय, जवळचे फोटो गॅलरीत. मूळ चाकं सोबत, त्यांपैकी एकाला कर्बचा ओरखडा.'

अशा ओळी वाचताना हात दाखवून अवलक्षण करतोय असं वाटेल. तरीही लिहा. तो तडा पाचव्या दिवशी दुसऱ्या कुणी फोटोत शोधून काढला तर त्याची किंमत तिप्पट लागते.

सात दिवस

लिलाव बहुधा आठवडाभर चालतो. पहिल्या दिवशी थोडी बोली, मग शांतता, आणि खरी चढाओढ शेवटच्या तासात. मधल्या दिवसांत आकडा हलत नाही म्हणून घाबरून रिझर्व्ह खाली आणू नका. शेवटच्या क्षणी बोली टाकून पळ काढायची सोयही नसते: ब्रिंग अ ट्रेलरवर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं.

या दिवसांत तुमचं काम एकच, कमेंटला उत्तरं देणं. उंटावरून शेळ्या हाकणारे खूप भेटतील. आयुष्यात एस२००० न चालवलेला माणूस तुम्हाला कॉइलओव्हरची उंची शिकवेल. त्याला एका ओळीत, नम्रपणे उत्तर द्या, कारण त्याच्यामागे दहा खरे गिऱ्हाईक गप्प बसून वाचत असतात. समजा कुणी विचारलं, 'उजव्या फेंडरवर व्हीआयएन स्टिकर दिसत नाही?' यावर 'गाडी कधीच ठोकलेली नाही, विश्वास ठेवा' हे सगळ्यात वाईट उत्तर. चांगलं उत्तर असं: 'बरोबर. पार्किंगमध्ये घासल्यामुळे फेंडर बदलला. बिल गॅलरीत आहे. आतल्या पत्र्याचे फोटो आत्ताच टाकलेत.' उत्तर काही तासांत जायला हवं. त्या आठवड्यात भारतवारी ठेवू नका.

आणि मित्राला 'जरा बोली वाढव रे' असं चुकूनही सांगू नका. ती फसवणूक आहे, पकडली जाते, आणि खातं कायमचं बंद होतं.

पुण्याहून भाच्याचा मेसेज येईल, 'मामा, इकडेच पाठव ना.' तीन वर्षांपेक्षा जुनी, डाव्या स्टिअरिंगची वापरलेली गाडी भारतात आणायला आयातीचे नियम आड येतात. शिवाय कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली. भाच्याला व्हिडिओ पाठवा.

पैसे, टायटल, ट्रक

रिझर्व्हपर्यंत बोली पोचली नाही तर घाई नको. सर्वांत वरच्या बोलीवाल्याशी साइटमार्फत बोलणं होतं आणि बरेच सौदे तिथे जुळतात.

सौदा झाला की वायर ट्रान्सफर घ्या. पैसे आले का हे आलेल्या ईमेलवरून ठरवू नका. बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर स्वतः फोन करा. कॅशिअर्स चेक खोटाही असू शकतो, म्हणून तो ज्या बँकेचा आहे तिथे तिच्या माणसासमोर वटवा. पैसे पक्के जमा होईपर्यंत टायटलवर सही नाही. गाडीवर कर्ज असेल तर शक्यतो लिलावाआधीच फेडून टायटल हातात घ्या. दुसऱ्या राज्यातला खरेदीदार बँकेच्या कागदांची वाट बघत बसायला तयार नसतो.

टायटलवर खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही. राज्याराज्यांत फरक आहे. कॅलिफोर्नियात विक्रीनंतर पाच दिवसांत डीएमव्हीला जबाबदारी सोडल्याची नोंद द्यायची असते. पेनसिल्व्हेनियात सही नोटरीसमोर. न्यू जर्सीत नंबरप्लेट तुमच्याकडेच राहते आणि ती परत करावी लागते. तुमच्या राज्याचं पान आधी वाचून ठेवा.

गाडी न्यायला ट्रक सहसा खरेदीदार ठरवतो. उंची कमी केलेल्या गाडीची पुढच्या बंपरच्या लिपखालची उंची मोजून त्याला इंचांत कळवा, म्हणजे तो लिफ्टगेट असलेला बंद ट्रक मागवेल. साध्या रॅम्पवर लिप घासली की भांडण तुमच्या दारात होतं. ट्रकवर चढण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा, गाडीवर आधीच असलेले ओरखडे बिल ऑफ लेडिंगवर (ट्रकवाल्याने माल घेतल्याच्या पावतीवर) लिहून घ्या. डिकीत गॅरेजचा रिमोट किंवा काचेवर फास्टट्रॅक, ई-झेडपास असा टोलचा टॅग राहिला नाही ना, ते बघा, नाहीतर ट्रक ज्या ज्या पुलावरून जाईल त्याचा टोल तुमच्या खात्यावर. विमा गाडी निघून, मालकी बदलल्याची नोंद झाल्यावरच बंद करा.

कराचं एक. घेतलेल्या किमतीपेक्षा जास्त मिळाले तर वरच्या रकमेवर कर लागतो. स्वतःच्या वापराच्या गाडीत तोटा झाला तर तो वजा मात्र करता येत नाही. सुधारणांवरचा खर्च मूळ खर्चात धरता येतो का, ते तुमच्या सीपीएला विचारा, आणि विचारायला जाताना ती तारखेप्रमाणे लावलेली बिलांची फाइल सोबत न्या. मूळ बिलं गाडीबरोबर गेली असतील, म्हणून स्कॅन ठेवाच.